थंडीविना भरीत

बोदवड, मंगळवार, संध्याकाळ

दिवाळी होऊन गेली तरी थंडीचा पत्ता नाही. आठवडाभर हवा ही अशीच कोमट. टेबलफॅन सुरूच आहे. आणि माझे जेठ, म्हणजे थोरले दीर नाना, भरिताचं नाव काढू देत नाहीत. "थंडी कुठे शे अजून?"

का थांबायचं? माझी मोठी बहीण अक्का उद्या मुलाकडे सुरतेला चालली, कायमची. तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी कोण भाजून देणार? आज मीच परसात जाळ केला. घामाघूम झाले, पण केलं.

अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी जेवली. वासाने नाना आले. "मलाबी वाढ थोडं."

"थंडी पडू द्या, नाना."

जास्त बोलले का? बोलले. आणि फॅन अक्काकडे वळवला.