सत्तेचाळीस नंबरची मूठ

४ मार्च
माझ्या खुंटीवर दुसऱ्याचा कोट! चौदा वर्षं ह्या प्रयोगशाळेत दाराशेजारची ती एक खुंटी माझी. ह्याहून क्षुल्लक कारणांवरून राज्यं बुडाली आहेत. कोट नव्या संशोधक बाईंचा — वय एकोणतीस, माझ्याहून दोन पदव्या जास्त, केस कायम आजच धुतलेले. मनातल्या मनात नाव ठेवलं — चुणचुणीत. वर मलाच विचारते, "चालेल ना, मावशी?" मावशी!

५ मार्च
तिचा कोट काढून खुर्चीवर टाकला.

११ मार्च
चुणचुणीतचा प्रयोग सुरू. साठ मादी कोकरं. अर्ध्यांना पोटभर खाणं, अर्ध्यांना बेताचं. मेंदूतलं एक जनुक बोलू लागलं की कोकरू वयात येतं. ते खाण्यावर किती अवलंबून, हे शोधायचं. जनुक जन्मापासून असतंच, फक्त गप्प असतं. माझ्यासारखं. कारण हाच प्रयोग मी पूर्वी सुचवला होता! साहेब तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही रक्ताच्या नळ्या सांभाळा." आज तेच साहेब — "वा! काय कल्पना!"

२ एप्रिल
बेताच्या गटातली ४७ नंबर मला पाहून धावत येते, एप्रनचा खिसा हुंगते. चुणचुणीतकडे ढुंकून बघत नाही. ह्या आवारात अक्कल असलेला एक तरी जीव आहे.

२३ एप्रिल
पाठ धरली. घरीच. हे म्हणाले, "त्या पोरीवर जळतेस ना, त्याचा चटका असेल." नवरा आहे की वैरी!

२४ एप्रिल
काल साठच्या साठ कोकरांचं रक्त चुणचुणीतने एकटीने काढलं. हजेरीत मात्र मलाही दाखवलं. माझ्या रजा संपल्यात, हे हिला कुणी सांगितलं? "असू द्या हो मावशी, एखादा दिवस." उपकार! ह्याचा तर जास्तच राग आला.

९ जुलै
कोकरं कापली. मेंदूचे तुकडे नळ्यांत, नळ्या फ्रीजरमध्ये. ४७ च्या वेळी मला बाहेर महत्त्वाचं काम निघालं. काय ते आठवत नाही.

३० जुलै
बेताच्या गटात सगळ्यांचं जनुक गप्प — एकीचं सोडून. ४७! पोटभर खाणाऱ्यांइतकं बोलतंय. चुणचुणीत नाचायचीच बाकी होती. "मावशी, अर्धपोटी राहून वयात आली ही! हिच्यात काहीतरी वेगळंच आहे!" शुक्रवारी समितीपुढे हेच मांडणार. साहेबांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. माझ्यासाठी चौदा वर्षांत दारसुद्धा धरलं नाही.

काय वेगळं आहे, ते मला ठाऊक आहे. एप्रनच्या खिशात अजून मक्याचे चार दाणे आहेत. रोज एक मूठ, तीन महिने. लाड म्हणून नव्हे — ती माझ्याकडेच यावी, चुणचुणीतकडे जाऊ नये म्हणून.

आता नुसतं गप्प बसायचं. समितीतला कुणी खवचट म्हातारा विचारेलच, "खाण्याची खात्री केली होती का?" तेव्हा तिचं तोंड कसं होईल! दिवसभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. मजा आली. संध्याकाळपर्यंत.

गुरुवार, १ ऑगस्ट
खाण्याच्या नोंदवहीत ४७ च्या पानावर लिहिलं — "रोज एक मूठ मका जादा, एप्रिल ते जुलै. मी दिला." खाली पूर्ण सही. वही तिच्या टेबलावर उघडी ठेवली. जाताना माझा कोट काढून खुंटीवर तिचा अडकवला.

एप्रिलमधला एक दिवस तिच्याकडून उसना घेतला होता.