अर्धा कप

डॉक्टरबाई,

भूल द्यायची म्हणून तुम्ही मघाशी तीनदा विचारलंत, "सकाळपासून पोटात काही?" बाबा म्हणाले, "पाण्याचा थेंब नाही." मीही मान डोलावली.

खरं म्हणजे निघताना अर्धा कप दुधाचा चहा मीच दिला. चहाशिवाय त्यांचं पान हलत नाही. ऑपरेशन आधीच दोनदा पुढे गेलंय, खरं बोलले तर तिसऱ्यांदा जाईल. पण तुम्हीच म्हणालात, भुलीचं ते पांढरं औषध शिरेत गेलं की पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही समोरच चहा पिताय. संपला की आत जाल.

तुम्ही कप खाली ठेवलात. चिठ्ठी मरू दे, आलेच.

तुमच्या पेशंटची खोटारडी लेक