त्रूदाची ऑर्किडं

३ मार्च
बायकोचं, त्रूदाचं, दफन जानेवारीत व्यवस्थित उरकलं. एकदाही रडलो नाही, याची नोंद असावी. आता घराकडे पाहायला हवं. खिडकीतल्या तिच्या ऑर्किडांची मुळं कुंड्यांबाहेर लोंबतायत. शिस्त नावालाही नाही. रविवारी सगळ्यांना नव्या कुंड्या. जन्मभर खाणीत छत कोसळू दिलं नाही, ही तर झाडं.

६ मार्च
वरच्या एलफ्रिडाबाई सूप घेऊन आल्या. विचारलं, इंजिनिअरसाहेब, झाडांना सांगितलंत का? म्हटलं, काय? म्हणाल्या, मालकीण गेल्याचं. त्यांच्या गावी मधमाश्यांना, गुरांना, झाडांना, सगळ्यांना सांगतात म्हणे. नाही सांगितलं तर तीही मागोमाग जातात. एवढं शिकून एवढंही कळू नये, असंही म्हणाल्या. अंधश्रद्धा. सूप बरं होतं.

८ मार्च, महिला दिन
दरवर्षी आज तिला एक कुंडी आणायचो. तिनं एकही मरू दिली नाही. आज सगळ्या बदलल्या. लोंबती मुळं छाटली, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली. डबा तिचाच. घरभर केक भाजल्यासारखा वास. टेबलावर दोन बशा मांडल्या गेल्या. वासाचा परिणाम.

११ मार्च, दुपारी
फुलांची तोंडं खोलीकडे केली होती. जेवून येतो तर सगळी खिडकीकडे, ती ठेवायची तशी. खाली खाण आहे, घर हादरतंच. पुन्हा वळवली. स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. तीही खाणीमुळेच. बघायला गेलो नाही.

१९ मार्च
जांभळं वाळलं. पिवळंही. कुंडीत मातीऐवजी भरायची झाडाची साल निकृष्ट होती, दुकानदाराला झापणार आहे. एलफ्रिडाबाई जिन्यात म्हणाल्या, अजून सांगितलं नाहीत ना? म्हटलं, वेळ नाही. म्हणाल्या, पेन्शनीतल्या माणसाला कसला हो वेळ लागतो?

२ एप्रिल
एकटं पांढरं उरलंय. कळी धरलीय. ऐन कळीत असली बातमी देणं बरं नाही. उमललं की सांगेन. याला कोणी घाबरणं म्हणू नये. उगाच घाई करायची नाही, इतकंच.

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
आमच्याकडच्या रीतीनं आज सकाळी बायकोच्या अंगावर पाणी उडवायचं असतं. पेला भरून पलंगापाशी पोचलो. खरं तर झाडाला पाणी घालायला निघालो होतो.

१० एप्रिल
फूल उमललं, पण खालचं पान पिवळं पडलं. आता टाळणं शक्य नाही. दाढी केली, दफनाच्या वेळचा काळा कोट घातला. खिडकीपाशी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. फुलाची पाकळीसुद्धा हलली नाही. मीच जमिनीवर बसून रडत राहिलो, किती वेळ ते कळलं नाही. आवाज ऐकून एलफ्रिडाबाई खाली आल्या. म्हणाल्या, अरे देवा, शेवटचंही झाड गेलं का?
म्हटलं, नाही हो. त्रूदा गेली.