‘येते’ म्हणाले, एवढंच

३ जून

घंटा आणलीच! आमची जुनी कॉन्व्हेंट शाळा पाडताहेत. ढिगाऱ्याच्या कडेला पडली होती — सिस्टरच्या हातातली ती पितळी घंटा, लाकडी मुठीची. पिशवीत टाकली, वर भाजी. घरी आल्यावर एकदाच वाजवली. आपोआप पाठ ताठ झाली!

५ जून

पाडकामाच्या कंत्राटदाराने चोरीची तक्रार केली. रखवालदाराने मला पाहिलं म्हणे. माझी भाची वकील, धावत आली.

‘मावशी, अटक करायला आले तर कारण विचारायचं. मला फोन करायचा. न वाचता सही नाही. आणि मी येईपर्यंत गप्प. हक्क आहे तुझा!’

गप्प? सिस्टरने विचारलं की उभं राहून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. नाहीतर उद्धटपणा!

‘मग हो उद्धट,’ म्हणाली.

६ जून

चौकशीला बोलावलं. आधी विचारलं, ‘मला अटक आहे का?’

हवालदार म्हणाला, ‘छे हो काकू!’

‘मग मी निघू शकते?’

‘निघा की.’

उठले. म्हणाले, ‘येते हं.’

९ जून

हवालदाराचा फोन. ‘काकू, येते म्हणालात आणि आलाच नाहीत! साहेब चिडलेत.’

‘अहो, निघताना कुणी “जाते” म्हणतं का? तुम्ही आईला काय म्हणता?’

मग बारीक आवाजात — ‘येतो म्हणतो. पण मी लिहून बसलो ना! “येते असे सांगून फरार.”’

भाचीने कपाळावर हात मारला.

१० जून

हवालदार आणि एक पोलीसबाई दारात. अटक! कारण विचारलं — चोरीचा संशय. भाचीला फोन केला. मग तोंडाला कुलूप. पण घरी आलेल्याला चहा नको विचारायला? खुणेने विचारला.

‘घंटा कुठाय, काकू?’

पूर्ण वाक्य ओठांपर्यंत आलं. गिळलं. शाबास मी!

पोलीसबाई म्हणाली, ‘छान झालाय चहा. अजून अर्धा कप मीच घेते.’ आणि टेबलावरची, किटलीवर घालायची लोकरी टोपी उचलली. किटली ओट्यावर होती. टोपीबरोबर लाकडी मूठही तिच्या हातात आली.

टण्ण!

तिघंही ताठ उभे राहिलो.

१० जून, जरा वेळाने

भाची खाली पोचली. हवालदार बूट घालतोय, तेवढ्यात हे लिहिते.

‘आता तरी “जाते” म्हणा, काकू,’ म्हणतो. ‘मला पुन्हा लिहावं लागेल.’

मुळीच नाही. घराकडे वळून, पूर्ण वाक्यात म्हणणार — मी येते.