चार तारखेचा शनी

६ सप्टेंबर
शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबरला. एका बाजूला सूर्य, मधे आपण, पलीकडे शनी. वर्षातून एकदा. त्या दिवशी तो सगळ्यात जवळ, सगळ्यात तेजस्वी. या वेळी फोटो असा काढायचा की आकाशनिरीक्षण क्लबात कुणी तोंड उघडता कामा नये. अठ्ठावीस दिवस हातात. तक्ता करून फ्रिजवर लावला.

बायको, नोरीन, समुद्रकाठी स्कारबरोला बहिणीकडे आहे. पाच आठवडे झाले. हवापालट. मोठी सुटकेस नेली, पण कपडे जास्त न्यायची तिला सवयच आहे.

११ सप्टेंबर
आकाश स्वच्छ. हवा इतकी स्थिर की तारे लुकलुकतसुद्धा नव्हते. दुर्बीण बाहेर काढली नाही. आत्ताच बघून टाकला तर चार तारखेला काय उरणार? त्याऐवजी दुसरा तक्ता केला. रंगीत.

१७ सप्टेंबर
क्लबची बैठक. चॅपलचा हॉल, पाणचट चहा, बिस्किटं. सेक्रेटरी विनिफ्रेड थ्वेट सगळ्यांसमोर म्हणाली, अरे मॉरिस, प्रतियुती म्हणजे काय एका दिवसाची जत्रा आहे का? आधी महिनाभर, नंतर महिनाभर तोच शनी असतो. आभाळ मोकळं दिसलं की काढ फोटो आणि हो मोकळा! सगळे हसले. तत्त्व म्हणून काही असतं, हे या बाईच्या गावीही नाही. उत्कृष्ट फोटोची ढाल गेली तीन वर्षं तिच्याकडेच आहे, ती गोष्ट वेगळी.

२४ सप्टेंबर
नोरीनचा फोन. हा नाही, पुढच्या रविवारी जेवायला ये म्हणाली, दुपारी एकला, बहीण बीफ करणार आहे. आलास तर नीट बोलू, आणि मग तुझ्याबरोबर घरी येईन. नाही आलास तर काय समजायचं ते मी समजेन.

कॅलेंडर बघितलं. रविवार म्हणजे चार तारीख. सांगितलं तसं. मग म्हणाली, अरे देवा, अजून तुझा तो शनीच का! आणि तो काय भरदुपारी उगवतो?

मी शांतपणे समजावलं की दुर्बिणीचा आरसा गार व्हायला दुपारपासून बाहेर ठेवावा लागतो. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

४ ऑक्टोबर
दुपारी १२. आरसा बाहेर.
१. पाऊस. आरसा आत.
४. पाऊस थांबला. आरसा बाहेर.
७. ढग.
११. ढग.

फोन आला नाही. मीही केला नाही. वाईट वाटेल अशी तयारी ठेवली होती. काहीच वाटलं नाही. टोस्ट खाल्ला.

१० ऑक्टोबर
आकाश काचेसारखं. विनिफ्रेडचा निरोप: मॉरिस, आज सोडू नकोस रे बाबा. प्रतियुती उलटून सहा दिवस झाले. टीव्ही बघितला. काय होतं ते आठवत नाही.

१८ ऑक्टोबर
नोरीन आली. मेहुण्याची व्हॅन घेऊन. खोकी भरली, मी चिकटपट्टी लावली. काही वाटत नव्हतं. पट्टी मात्र सरळ लागली. सातपर्यंत अंधार पडला. मेहुणा गाडीत बसला होता.

नोरीन मागच्या दारात उभी राहून म्हणाली, दाखव की एकदा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दुर्बीण आणली, लावली. तिने डोळा टेकवला आणि म्हणाली, अय्या, खरंच कडं आहे की रे त्याला! मला वाटायचं तुम्ही लोक रंगवता. हसली. डोळा काढेना. एका हाताने माझी बाही धरली होती. म्हणाली, मॉरिस, बोल ना काहीतरी.

बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. म्हणालो, चार तारखेला बघायला हवा होतास. आता चौदा दिवस उशीर झाला, तेज उतरलंय.

तिने बाही सोडली. किल्ली खिडकीत ठेवली, चहाचे दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि गेली.

आकाश स्वच्छ. हवा स्थिर. फोटो काढला नाही.