सुमित्रामावशींच्या तीन पेट्या

८ सप्टेंबर २०२४, रविवार. श्रूजबरी
आजपासून मी मधमाश्या सांभाळतो. आमच्या गल्लीतल्या सुमित्रामावशी अकरा वर्षं परसात माश्या पाळतात. आता गुडघ्याचं ऑपरेशन, मग मार्चपर्यंत लेकीकडे हर्नडनला. मोठ्या पेट्या त्यांनी देऊन टाकल्या. राहिल्या तीन छोट्या. प्रत्येकीत पोळ्याच्या पाच फ्रेम, थोड्या माश्या, एक नवी राणी. या हिवाळ्यातून निघाल्या की वसंतात त्यांच्याच मोठ्या पेट्या होणार. "कुणी बघेल का?" असं त्यांनी विचारायच्या आत मी हो म्हणालो, पेट्या आमच्या परसात आल्या. उपासनाने माझ्याकडे पाहिलं. बायकोचं हे पाहणं मला आवडत नाही. वीस वर्षं औषध कंपनीत क्वालिटी बघतोय, माश्या काय चीज आहे!

मावशींनी पानभर सूचना लिहून दिल्यात. अक्षर सुंदर आहे.

१४ सप्टेंबर
सूचना पहिली: माश्यांच्या अंगावर माइट्स, म्हणजे बारीक गोचिड्या असतात, औषध आत्ताच द्या. भिंगातून पाहिलं. एकीच्या पाठीवर तांबडा, चपटा, जिवंत ठिपका. शी! जेवण गेलं नाही.
औषध देणार नाही. केमिकल ऑफिसात पुरे झालं. माझ्या पेट्या ऑरगॅनिक.

१३ ऑक्टोबर
सूचना दुसरी: पेटी उचलताना जड लागेपर्यंत साखरेचा पाक द्या. एकदा दिला. ओटा चिकट, जिन्याचा कठडा चिकट, चष्मा चिकट. पाकाच्या बाटलीत बुडून मेलेल्या गांधीलमाश्या बोटाने काढाव्या लागल्या. वीट आला. शिवाय आयतं मिळालं की माश्या आळशी होतील. पाक बंद.
मावशींचा फोन. ऑपरेशन चांगलं झालं. पेट्या जड आहेत का रे? म्हटलं, चांगल्याच. (उचलून पाहिल्या नाहीत. माझी पाठ.)

२४ नोव्हेंबर
सूचना तिसरी: दाराला जाळी ठोका, उंदीर शिरतात. उंदीर! डंख मारणाऱ्या हजारो माश्यांच्या घरात! मावशींचं वय झालं. दारं मोठी ठेवली. हवा खेळली पाहिजे.

६ डिसेंबर
बर्फ. माश्या आत, मी आत. सगळं प्लॅनप्रमाणे.

३० डिसेंबर
ऊन पडलं. माश्या बाहेर आल्या आणि उपासनाच्या पांढऱ्या गाडीवर हगल्या. दुसरा शब्द नाही. पिवळे, ओघळणारे, शेकडो ठिपके. बर्फावर, काचेवर, माझ्या टोपीवर. गाडी मी धुतली. पाणी हातावर गोठत होतं आणि घाण निघत नव्हती.
मावशी फोनवर खूश! म्हणाल्या, थंडीभर पोट धरून बसतात बिचाऱ्या, जगतायत म्हणून तर बाहेर आल्या.
दोन पेट्यांतल्याच आल्या. उरलेल्या पेटीतली एकही नाही. शिस्तीच्या असणार.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं होतं. म्हटलं, पेट्याही दाखवू. पानावर 'थंडीत उघडू नये' असं खाली दोन रेघा मारून लिहिलंय, पण ते नवशिक्यांसाठी.

शिस्तीची पेटी उघडली. आत उंदराचं घरटं. वाळकं गवत, केस, कुरतडलेलं मेण, डोकी खाल्लेल्या माश्या, आणि मुताचा असा भपका की एक पाहुणे जे मागे सरले ते थेट गाडीत जाऊन बसले. दुसरी पेटी उघडली. झाकणातून पाणी टपकून सगळ्यांचा एक काळा, बुरशी धरलेला लगदा झालेला. बोट लागलं. ओकारी आली.

पण तिसरी! कान लावला तर आत गुणगुण. एका मुठीत मावतील एवढ्याच, पण एकमेकींना चिकटून थरथरणाऱ्या, जिवंत. राणी दिसल्याशिवाय फोटोला अर्थ नव्हता. फ्रेम एकेक वर काढली. बाहेर पंचवीस डिग्री फॅरनहाइट, म्हणजे पाणी गोठेल अशी थंडी. लेक अहिल्या खिडकीतून ओरडली, "डॅड, क्लोज इट! दे आर फ्रीझिंग!" म्हटलं, दोन मिनिटं. चाळीस लागली. राणी सापडली. फोटो अप्रतिम.
मावशींना कळवलं, एक उत्तम आहे. त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं? म्हटलं, अनुभवाने.

९ मार्च
कान लावला. शांतता. झोपल्या असतील.

२९ मार्च
मावशी आल्या. काठी टेकत थेट परसात. चहाही नको म्हणाल्या. तिसरी पेटी त्यांनीच उघडली. सगळ्या माश्या मेणाच्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या. खायला काही शिल्लक नव्हतं. मावशींनी त्यांच्यातून राणी शोधली, एका नजरेत, आणि तळहातावर घेतली. गुडघ्यामुळे बसता येत नव्हतं, उभ्याच राहिल्या. मी हवामानाबद्दल बोलत होतो. यंदाची थंडी विचित्र होती वगैरे.

"काहून उघडली रे देवानंद, एवढ्या थंडीत?"

अहिल्याने सांगितलं असणार. मी म्हणालो, तपासणी. त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. राणी रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या.
पेट्या अजून वास मारतायत.

१२ एप्रिल, शनिवार
मधमाश्या पाळणाऱ्यांच्या बी क्लबने मला नवशिक्यांच्या वर्गाला बोलावलं. मावशींनीच माझं नाव सुचवलं म्हणे. म्हणजे राग नाही. शर्ट इस्त्री केला, स्लाइड्स केल्या, 'हिवाळा आणि मी'. फक्त उंदरांची पेटी घेऊन या म्हणाले.

स्लाइड्स कुणी मागितल्या नाहीत. पेटी टेबलावर ठेवून झाकण काढलं. पहिल्या रांगेने नाकाला रुमाल लावले. बोर्डावर लिहिलं होतं, 'हे कशाने होतं?' एका बाईने विचारलं, ही कुणाची? मी म्हणालो, एका ओळखीच्या गृहस्थांची. सज्जन आहेत, जरा घाईत होते.

मागून मावशी उठल्या, काठीचा आधार घेत. शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, ते गृहस्थ आज इथेच आलेत, पेटीशेजारी उभे आहेत, काय विचारायचं ते त्यांनाच विचारा.

चौदा हात वर झाले.