परत आलेला प्याला

धुळे,
गुरुवार, दुपार

प्रिय हेमराज,

अठरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं, म्हणून शेवटी कागद घेतला. त्या रविवारी चर्चमधून उठून गेलास तो घरी आलाच नाहीस. तुझे कपडे मी धुऊन, घडी करून ठेवलेत. मंगळवारी तुझ्या कंपनीतल्या भूपेंद्रचा फोन आला की तू नरडाण्याला कामावर हजर झालास, तिथेच खोली बघतोयस. रविवार दुपार ते मंगळवार सकाळ तू कुठे होतास, हे त्याला विचारायचं माझ्या जिवावर आलं.

इथलं तुला सांगायलाच हवं. दारूपायी दोन वर्षं प्रभुभोजनापासून दूर ठेवलेल्या माणसाला मंडळीनं पुन्हा बोलावलं, आणि त्यानं रसाचा प्याला हातात घेऊन तसाच तबकात ठेवला, हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच लावतात. माणसाच्या मनात कबूल न केलेलं काही आहे, त्याला हिंमत झाली नाही. चर्चच्या दारातच धुरपदाबाईंनी माझा दंड धरला, "तुना भाऊनी परत सुरू करेल दिसस, अक्का." आवाजात दया होती, म्हणून जास्त लागलं. सारिका मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं. बाहेर थांबवलेल्या रिक्षात तिची बॅग होती, ती मोठी, लग्नातली. तीन वर्षं माहेरी काढून ती पारोळ्याहून राहायला आली होती रे. तुला प्रभुभोजन घेताना डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. ती बॅग न उतरवता तशीच स्टँडवर गेली. मी थांब म्हटलं नाही.

तू व्यसनमुक्ती केंद्रातून आलास तो दिवस आठवतो? तोंडावर पाणी मारून माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, माझा मला भरवसा नाही. तू पहारा ठेव." मी ठेवला. संध्याकाळी तू दारात आलास की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ यायची आणि वास घ्यायची. तुला कळायचं. एकदा हसून म्हणालास, "पोलीस बरे, ते कधीतरी सुट्टी घेतात." दोन वर्षांत एकही दिवस मला तो वास आला नाही. बाजारात जायचं तर तू गल्ली बदलून, लांबून जायचास, त्या दुकानाची पाटीसुद्धा नको म्हणून. शालिग्रामच्या मुलाच्या लग्नात जेवायला न थांबता निघालास, आणि मी तुलाच रागावले होते, लोक काय म्हणतील म्हणून.

आमच्या जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर होत्या, केरळच्या. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण प्रार्थनेआधी आम्हा मुलींना रांगेत उभं करून म्हणायच्या, डोळे मिटा आणि आज आपण कुठे घसरलो ते बघा, शेजारणीचं बघू नका. आम्ही हमखास शेजारणीचंच बघायचो. एप्रिलच्या शेवटी त्याच आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन होतं. चाळीस वर्षांनी सगळ्या भेटणार, नूतन तर बडोद्याहून आली होती. शुक्रवारी जायचं, शनिवारी संध्याकाळी परत. माझा किती जीव अडकला होता त्यात, तू पाहिलंस. नवी साडी, पिको-फॉल, सगळं.

आणि मे महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन. त्याचा रस बावीस वर्षं मी करते. काळे मनुके शुक्रवारी रात्री भिजवायचे, शनिवारी कुस्करून गाळायचे, साखर घालून चांगली उकळी आणायची, गार करून फ्रिजमध्ये. पाळकसाहेब बदलले, पण रस दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. बाहेरगावचे पाहुणे विचारायचे, रस कुणी केला? मला ते आवडायचं. फार आवडायचं. या वेळी कुणाला तरी सांगितलं असतं तर चाललं असतं. धुरपदाबाई तर म्हणाल्याही होत्या. पण मला ते काम हातातून सोडवेना. बुधवारीच मनुके भिजवले, गुरुवारी गाळून साखर घातली, आणि उकळायला ठेवणार तोच गॅस संपला. दुसरं सिलिंडर यायला दोन दिवस. आल्यावर उकळू म्हटलं, बरणीचं झाकण घट्ट लावलं, ओट्यावर ठेवली आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीत बसले. फ्रिजमध्ये तरी ठेवायची, पण तिथे मैत्रिणींसाठी केलेल्या वड्यांचे डबे होते, आणि सकाळी ते काढून घेतले तेव्हा बरणी आत ठेवायची राहूनच गेली. शनिवारी इतकी दमून आले की बरणीकडे पाहिलंही नाही. बाहेर त्रेचाळीस अंश होतं.

रविवारी सकाळी तू दाढी करत होतास. मी झाकण फिरवलं, तर ते फस् करून वर आलं.

हेमराज, मला लगेच कळलं. वर फेस होता, बुडबुडे येत होते. दोन वर्षं रोज संध्याकाळी जो वास मी शोधत होते, तो माझ्याच ओट्यावर, माझ्याच बरणीत होता. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. दहाला उपासना. बाजारातून द्राक्षाच्या रसाची बाटली आणता आली असती. पाळकसाहेबांना फोन करता आला असता, ते म्हणाले असते, पुढच्या रविवारी घेऊ. मी फोन हातात घेतलाही. मग वाटलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मैत्रिणींना भेटायला गेले म्हणून. धुरपदाबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी फडकं घेतलं, फेस गाळला, थोडी साखर घातली. जरासा आंबूस आहे, एवढासा तर घोट, कुणाला कळणार, असं स्वतःशी बोलले. तुझं नाव मनात आलं नाही, असं लिहू शकले असते. पण आलं होतं. म्हटलं, वाटेत तुझ्या कानात सांगेन.

वाटेत तू इतका शांत होतास. निळा शर्ट, ओले केस. म्हणालास, "अक्का, सारिका येते म्हणालीय." मी मनात म्हटलं, उतरल्यावर सांगू. उतरलो तर ती फाटकातच उभी होती, आणि तिच्यासमोर नको, म्हणून मी तेव्हाही टाळलं. तुम्ही दोघं तिसऱ्या बाकावर बसलात. तबक फिरू लागलं. मी पलीकडच्या बाकांवरून बघत होते. अजूनही उठून तुझ्यापर्यंत जाता येत होतं, दहा पावलं होती. भाकर वाटून झाली. प्याला तुझ्या हातात आला. तू तो वर नेलास आणि थांबलास. तुझी मान किंचित मागे गेली. कपाळावरची शीर मला एवढ्या लांबून दिसली. सारिका तुझ्याकडे बघत होती, पुढचे दोघं वळून बघत होते, पाळकसाहेब थांबले होते. सगळ्यांच्या देखत, देवाच्या नावानं हातात दिलेला तो प्याला घेणं किती सोपं होतं. कुणी तुला दोष दिला नसता. तू तो खाली ठेवलास. मग माझ्याकडे पाहिलंस, एकदाच, आणि उठून गेलास.

नंतर प्याले मीच धुतले, नेहमीसारखे. त्रेपन्न रिकामे आणि एक भरलेला. तो मोरीत ओतला, वर पाणी सोडलं. पंधरा मिनिटांपूर्वी बोलायला हवं होतं, ते तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. मग रोज सकाळी ठरवायची, आज सांगते, आणि रोज दुपारपर्यंत एखादं कारण सापडायचं. लोक तुझ्याबद्दल बोलत राहिले, मी खाली मान घालून ऐकत राहिले, आणि सगळे म्हणायचे, बिचारी बहीण.

गेल्या रविवारी सूचना संपल्यावर मी उभी राहिले. पुढचं बाक धरलं. सगळं सांगितलं, फेस गाळला तेसुद्धा. बाहेर आल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या, "आते रस तू करू नको. मी बजारमाईन बाटली लयी येसू." मी बरं म्हटलं. पाळकसाहेब तुला भेटायला येणार आहेत, पण मी त्यांना थोडं थांबा म्हटलं. आधी दुसऱ्या कुणाचा हक्क आहे.

परवा पारोळ्याला गेले. सारिकानं मला पाणी दिलं आणि मी बोलत असताना एकदाही मध्ये बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी विचारलं, "प्याला परत आला तेव्हा भरलेला होता? नक्की?" मी म्हटलं, काठोकाठ, माझ्या हातानं मोरीत ओतला. तिनं माझा पाण्याचा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "अक्का, नाकापर्यंत वास आल्यावर तिथून उठले आणि दोन दिवस कुठे होते, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. फोन करू नका. फोनवर ते मला बरं वाटेल तेच बोलतील. लिहा, म्हणजे त्यांना विचार करायला वेळ मिळेल." म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारी ती एसटीनं नरडाण्याला येतेय, एकटी, बॅग न घेता. त्या दोन दिवसांत तू घसरला असशील, तर त्यातला मोठा वाटा माझा आहे, तिला तसंही सांग. पण सांग. आणि घसरला नसशील, तर तेही अगदी साधेपणानं सांग, माझ्यावर चिडून नको. ती ऐकायला येतेय. मी येणार नाही. इतके दिवस तुझ्या दारात उभी राहून वास घेतला, आता पुरे.

तुझीच,
अक्का